कळतं सगळं, पण बोलत नाही

साताऱ्याहून एका आईने विचारलंय. मुलगा चार वर्षं दोन महिन्यांचा, डाउन सिंड्रोम. आठव्या महिन्यात हृदयाचं ऑपरेशन झालं, आता तब्येत ठणठणीत. 'चपला आण' म्हटलं की आणतो, 'आजोबा कुठे?' म्हटलं की बोट दाखवतो, पण शब्द मोजून सात. वर्षभर आठवड्यातून एकदा स्पीच थेरपी चालू आहे. त्यात शिट्ट्या, फुगे आणि तोंडाला मसाज. शाळा म्हणते घरी फक्त इंग्रजी बोला. कुणी म्हणालं खुणा शिकवा, तर नवऱ्याला भीती की मग हा कधीच बोलणार नाही. सासूबाई म्हणतात, याचे बाबाही उशिराच बोलले, थांबा. नेमकं काय करावं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला आणि त्यात एक गोष्ट शोधत राहिले, ती सापडली नाही. कान शेवटचे कधी तपासले? जन्मल्यावर हॉस्पिटलात झालेली चाचणी धरू नका. त्यानंतर कधी?

डाउन सिंड्रोममध्ये कानाचा बाहेरचा बोगदा अरुंद असतो. मधल्या कानातून घशाकडे जाणारी नळीही नीट उघडत नाही. सर्दी झाली की पडद्यामागे चिकट पाणी साठतं आणि महिनोन्‌महिने तिथेच बसून राहतं. दुखत नाही, कान वाहत नाही, म्हणून घरात पत्ता लागत नाही. मूल हाकेला वळतं, कुकरची शिट्टी त्याला कळते, आणि आपण म्हणतो 'ऐकू तर येतंय'. एकदा स्वतःच्या दोन्ही कानांत बोटं घट्ट घाला आणि नवऱ्याला पलीकडच्या खोलीतून हळू बोलायला सांगा. आवाज येतो, चढउतार कळतो, 'आ', 'ओ' ऐकू येतात. पण 'स', 'क', 'त' विरून जातात आणि शब्दांच्या शेवटचे 'ला', 'ने', 'त' तर पोचतच नाहीत. तुमचा मुलगा कदाचित रोज असंच मराठी ऐकत असेल. 'चपला आण' त्याला कळतं ते तुमच्या बोटावरून, दाराकडे वळलेल्या मानेवरून आणि वेळेवरून. ही मुलं माणसं वाचण्यात फार हुशार असतात. त्यामुळे 'सगळं कळतं' हे आईवडिलांचं वाक्य मी निम्मंच खरं धरते. एकदा चपलांकडे न बघता, हात मागे बांधून, भलत्याच वेळी 'चमचा आण' म्हणून बघा.

हे मी चूक करून शिकले आहे. स्पीच थेरपीच्या प्रॅक्टिसच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी माझ्याकडे पाच वर्षांची एक मुलगी यायची. आठ महिने मी तिच्याकडून 'क' घोटून घेत होते. आरशासमोर, चमच्याने जीभ दाबून, 'काका' म्हण, 'काकू' म्हण. ती बिचारी माझं तोंड बघून 'ताता' म्हणायची. फाइलमध्ये जन्मानंतरचा 'पास' रिपोर्ट होता आणि तो बघून मी निश्चिंत होते. शेवटी तिच्या आजीनेच विचारलं, 'हिला ऐकू कमी येतं का हो? टीव्हीला नाक लावून बसते.' तपासलं तर दोन्ही कानांत पाणी. ग्रोमेट, म्हणजे पाणी निघून हवा खेळती राहावी म्हणून पडद्यात बसवायची बारीक नळी, बसवल्यावर तीन महिन्यांत 'क' आपोआप आला असं मी म्हणणार नाही, तसं होत नाही. पण ती माझ्याकडे बघायच्या आधी माझ्या आवाजाकडे वळायला लागली, आणि शिकवणं तिथून सुरू झालं. आठ महिने वाया गेले ते माझ्यामुळे.

तेव्हा पहिलं काम कान-नाक-घसा डॉक्टर आणि ऑडिऑलॉजिस्ट. इम्पिडन्स चाचणीला दोन मिनिटं लागतात, तिच्यात पडद्यामागचं पाणी दिसतं. मूल हेडफोन लावून प्रतिसाद देत नसेल तर झोपेत बेरा करतात, म्हणजे आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते डोक्याला तारा लावून मोजतात. प्रत्येक कानाचा खात्रीचा रिपोर्ट मिळेपर्यंत दर सहा महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा, आयुष्यभर. ग्रोमेटसाठी भूल द्यायची वेळ आली तर भूलतज्ज्ञांना हृदयाचं ऑपरेशन सांगालच. मानेचंही आठवणीने विचारा. या मुलांपैकी काहींचे मानेचे वरचे दोन मणके सैल असतात, त्यामुळे भूल देताना मान जपावी लागते. पाणी हटतच नसेल तर काही काळ श्रवणयंत्रही लावतात, त्याला घाबरू नका.

त्याच फेरीत थायरॉइड (दरवर्षी), डोळे आणि झोप. घोरतो का? बसून, पुढे वाकून झोपतो का? झोपेत श्वास अडणं या मुलांत खूप आढळतं, आणि रात्रभर नीट न झोपलेलं मूल सकाळी 'लक्ष देत नाही' म्हणून बोलणी खातं.

आता तोंड. 'जीभ मोठी आहे म्हणून बोलता येत नाही' हे तुम्हाला दहा जणांनी सांगितलं असेल. जीभ बहुतेक वेळा नेहमीएवढीच असते, तिचं घर लहान असतं. वरचा जबडा छोटा, टाळू अरुंद आणि उंच, आणि स्नायू सैल. म्हणून ती बाहेर डोकावते. पूर्वी परदेशात जीभ कापून लहान करण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. दिसण्यात फरक पडला असेल, उच्चार काही सुधारले नाहीत. जिभेखालची दोरी कापून घेण्याचा सल्लाही गावोगाव मिळतो. ती खरंच आखूड असेल तर गोष्ट वेगळी, पण ती कापून शब्दांचा पाऊस पडत नाही. वेखंड उगाळून चाटवण्याबद्दलही हेच. बोलणं सुरू करणारं औषध किंवा इंजेक्शन नाही, आणि जे स्टेम सेलच्या नावाखाली लाखो रुपये मागतात त्यांच्याकडे तर फिरकू नका.

शिट्ट्या आणि फुग्यांबद्दल माझं मत माझ्या व्यवसायातल्या अनेकांना आवडत नाही. शिट्टी वाजवून शिट्टी वाजवता येते. ओठ तेच असले तरी फुंकणं आणि 'प' म्हणणं या मेंदूच्या लेखी वेगळ्या हालचाली आहेत. बोलण्याची हालचाल बोलूनच बसते. त्याला मजा येत असेल तर फुगे जरूर फुगवा, पण चाळीस मिनिटांतली तीस त्यात जात असतील तर तो वेळ भाषेचा आहे. तोंडाचं एक काम मात्र मी खरं मानते, ते म्हणजे खाणं. चार वर्षांच्या मुलाला अजून वरणभात मऊ कालवून भरवत असाल तर ते हळूहळू सोडा. पोळीचा तुकडा दाढेखाली, बाजूने द्या. सिपर बंद करून साधा छोटा पेला आणि स्ट्रॉ. हे बोलण्यासाठी नाही, चावण्या-गिळण्यासाठी.

त्या सात शब्दांत काय काय आहे, ते तुम्ही लिहिलं नाही. माझा अंदाज सांगू? आई, बाबा, आजी, 'बॉल', 'ॲपल', 'कॅट' आणि एखादा 'बाय'. बहुतेक याद्या अशाच असतात, कारण आपण शिकवतो ती नावं: फळांचा तक्ता, प्राण्यांचा तक्ता, रंग. पण 'ॲपल' म्हणून मुलाच्या हाती काय लागतं? 'शाब्बास'. 'दे' म्हटल्यावर मात्र सफरचंद हातात पडतं.

आणि इथे मराठी आपल्या बाजूने आहे. सैल ओठांच्या, अडखळत्या जिभेच्या मुलासाठी भाषा ठरवून बनवली असती तरी इतकी सोयीची झाली नसती. दे, घे, ये, जा, खा, पी, ने, बस, ऊठ, टाक. आपली आज्ञार्थी क्रियापदं एका अक्षराची, फार तर दोन. शिवाय वाक्यात क्रियापद शेवटी येतं, आणि ज्या मुलाच्या डोक्यात ऐकलेले शब्द फार वेळ टिकत नाहीत त्याला शेवटचा शब्द सगळ्यात ताजा मिळतो. डाउन सिंड्रोममध्ये ऐकलेलं मनात धरून ठेवण्याची जागा तोकडी असते, बघितलेलं मात्र चांगलं टिकतं. हे एक कळलं की काय करायचं आणि काय नाही, त्यातलं बरंच सुटतं.

मागच्या डिसेंबरात एका घरी गेले होते. मुलगा जवळपास तुमच्याच मुलाच्या वयाचा. आजी परातीत मटार सोलत बसल्या होत्या आणि हा मांडीला टेकून. आजी म्हणत होत्या, 'हे काय आहे? मटार म्हण. म-टा-र. कोणता रंग? ग्रीन म्हण.' तो परातीकडे बघत गप्प. मी आजींना म्हटलं, पाच मिनिटं एकही प्रश्न विचारायचा नाही. फक्त शेंग त्याच्यासमोर धरायची, 'घे' म्हणायचं. त्याने फोडली की दाणे परातीत, 'टाक'. शेंग धरायची, 'घे'. 'टाक'. वीसेक शेंगा झाल्यावर मी आजींना खूण केली. त्यांनी शेंग धरली आणि गप्प बसल्या. मी मनात आकडे मोजत होते. आजींना राहवेना, त्यांचे ओठ हलायला लागले, मी हात धरला. सात, आठ. नवव्या आकड्याला तो आजींच्या तोंडाकडे बघत म्हणाला, 'गे.' 'घ' नव्हता, 'ग' होता. पण शब्द त्याचा होता, आणि गंमत म्हणजे तो आजींना हुकूम सोडत होता. आजींनी शेंग दिली नाही, आधी पदराने डोळे पुसले, त्यामुळे तो चिडला आणि दुसऱ्यांदा मोठ्याने म्हणाला.

घरी करायचं ते एवढंच. ज्या कामात तोच तोच शब्द वीस वेळा येतो असं काम निवडा: मटार, कपड्यांच्या घड्या, बादलीत पाणी, गाडी उतारावरून सोडणं. तीन-चार शब्द ठरवा आणि महिनाभर तेच वापरा: अजून, नको, झालं, दे. मग थांबा. आपण एक-दीड सेकंदात उत्तराची आशा सोडतो. या मुलांना दहा लागतात. तो एक शब्द बोलला की तुम्ही एकच वाढवा. तो 'बस', तुम्ही 'बस गेली'. 'अरे वा, लाल बस गेली का साताऱ्याला, आपण पण जायचं का?' एवढं नको. आणि उच्चार दुरुस्त करू नका. तुम्ही बरोबर म्हणा आणि पुढे चला.

कधी कधी आईवडील सांगतात, 'एकदा स्पष्ट मोटार म्हणाला, परत म्हणतच नाही, मुद्दाम करतो.' मुद्दाम नाही करत. काही मुलांत ओठ-जिभेच्या हालचालींचा क्रम जुळवण्यातच अडचण असते, त्याला वाचेचा ॲप्रॅक्सिया म्हणतात. क्रम एकदा जमतो, पुढच्या वेळी हाती लागत नाही. तुमच्या मुलात तसं दिसलं तर थेरपिस्टला स्पष्ट विचारा, कारण तिथे पद्धत वेगळी लागते: मोजके शब्द, पुष्कळ आवर्तनं, चेहऱ्यासमोर चेहरा, आधी दोघांनी मिळून म्हणायचं, मग त्याने एकट्याने.

आता खुणा. तुमच्या यजमानांना एवढंच विचारा: बाळ वर्षाचं होतं तेव्हा 'जय बाप्पा कर' म्हणून हात जोडायला शिकवलं होतं ना? टाटा करायला? हात जोडले म्हणून पोराचं बोलायचं राहिलं असं आजवर कुठल्या आजीने म्हटलेलं मी ऐकलं नाही. खूण म्हणजे तेवढंच. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात मॅकेटॉन नावाची पद्धत निघाली, तिच्यात तोंडाने बोलता बोलता फक्त महत्त्वाच्या शब्दाला खूण करतात. खूण दिसते, ती डोळ्यापुढे धरून ठेवता येते, हात जिभेपेक्षा आधी ऐकतात. बोलणं आलं की मुलं खुणा स्वतःच सोडून देतात, कारण तोंडाने काम लवकर होतं. खुणांनी बोलणं थांबतं असं अभ्यासांत आढळलेलं नाही. उलट, चार वर्षांच्या मुलाला 'नको' सांगायचं साधनच नसलं तर तो ढकलतो, चावतो, जमिनीवर लोळतो, आणि मग आपण त्याला 'हट्टी' म्हणतो. पाच खुणांनी सुरुवात करा: अजून, नको, संपलं, मदत, पाणी. अट एकच, घरातल्या सगळ्यांनी करायच्या, बाबांनीसुद्धा. चित्रांवर बोट ठेवून बोलायचं असेल तर मुंबईच्या आयआयटीत तयार झालेलं 'जेलो' हे ॲप मोफत आहे, त्यात मराठीही आहे.

शाळेचं ऐकू नका. हे मी एरवी इतक्या उघड म्हणत नाही. कॅनडात एलिझाबेथ के-रेनिंग बर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये डाउन सिंड्रोम असलेल्या दोन भाषांतल्या आणि एकाच भाषेतल्या मुलांची तुलना प्रसिद्ध केली. दोन भाषांमुळे मुलांचं इंग्रजी मागे पडलेलं दिसलं नाही. तुमच्या घरात तर प्रश्न त्याहून साधा आहे. आजीला इंग्रजी येत नाही. घरात फक्त इंग्रजी म्हणजे मटार सोलताना आजी गप्प, आणि तुम्हीही 'कम हिअर, सिट डाउन, गुड बॉय' एवढ्यात संपणार. तुम्ही ज्या भाषेत रागावता, लाड करता, त्याच भाषेत त्याला बोलायला शिकवा. शाळेतलं इंग्रजी शाळेत येईल.

वाचनाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मला विचाराल तर पुढच्या वर्षाची खरी गंमत तिथे आहे. इंग्लंडमध्ये पोर्ट्समथला स्यू बकली यांनी १९८० च्या दशकात लक्ष वेधलं ते याकडेच: यांतली काही मुलं नीट बोलायच्या आधी अख्खे शब्द चित्रासारखे ओळखतात, आणि वाचलेला शब्द बोलण्यात उतरतो. बोललेला शब्द हवेत विरतो, लिहिलेला समोर बसून राहतो. मुळाक्षरांपासून सुरू करू नका. घरातल्या माणसांचे फोटो घ्या, खाली मोठ्या अक्षरांत 'आई', 'बाबा', 'आजी'. आधी जोडी लावणं, मग मागितलेलं निवडणं, मग म्हणणं. तीस-चाळीस शब्द झाले की मी प्रत्यय सुटे कापते. 'ला' लाल कागदावर, 'ने' निळ्या. 'आजी' शेजारी 'ला' ठेवायचा: आजीला दे. जो 'ला' त्याला कधी धड ऐकूच आला नाही तो त्याच्या बोटाखाली येतो. मराठीचं व्याकरण सगळं या शेपट्यांत आहे, आणि डाउन सिंड्रोममध्ये शब्दसंग्रह वाढत राहिला तरी याच शेपट्या गळतात. दहा-बारा वर्षांची मुलंसुद्धा 'बाबा ऑफिस' वर अडकतात. (मुलगे 'मी येते' म्हणतात त्यावर मात्र हसू नका. दिवसभर आई आणि आजीचंच ऐकतात, दुसरं काय म्हणतील? बाबांनी संध्याकाळी अर्धा तास जमिनीवर बसून खेळावं, हे मी औषधासारखं लिहून देते.)

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. याचे बाबा उशिरा बोलले असतील, पण या मुलाचा उशीर वेगळ्या कारणाने आहे आणि थांबून तो भरून निघत नाही. तो किती बोलेल हे आज मी सांगू शकत नाही. गुणसूत्रांच्या रिपोर्टवरूनही कळत नाही. ट्रायसोमी (एकविसावं गुणसूत्र सुटं, जास्तीचं) की ट्रान्सलोकेशन (ते जास्तीचं दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेलं) हे पुढच्या गरोदरपणासाठी महत्त्वाचं, बोलण्यासाठी नाही. बहुतेक मुलं बोलतात. अनोळखी माणसाला कळेल इतकं स्पष्ट बोलायला अनेकांना शाळेची सगळी वर्षं लागतात, काहींचं बोलणं घरच्यांनाच कळतं, काही अडखळतातही. थोड्या मुलांत सोबत स्वमग्नता असते. नजर, बोट दाखवणं, कौतुकाने तुम्हाला काही आणून दाखवणं हे कमी असेल तर त्याची वेगळी तपासणी करा. तुमच्या मुलाबद्दल मला ती शंका वाटत नाही, आजोबांकडे बोट दाखवतो म्हणालात. आणि एक लक्षात राहू द्या, आत्ता लागणार नाही: बोलणारा किशोर किंवा तरुण अचानक गप्प झाला तर 'सिंड्रोममुळे असेल' म्हणून सोडायचं नाही. थायरॉइड, कान, झोप, नैराश्य, सगळं बघायचं. चाळिशीनंतर स्मृतिभ्रंशही.

खर्चाचं विचारलं नाहीत, पण मुद्दा तोच असतो. जिल्हा रुग्णालयात लवकर निदान व उपचार केंद्र आहे का ते आधी बघा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ते मोफत असतं. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढा, त्यावर राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' विमा योजना मिळते, एक लाखापर्यंतची, आणि तिच्यात थेरपीचाही समावेश आहे. मोठी तपासणी एकदाच करायची असेल तर मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग ही वाचा-श्रवणाची राष्ट्रीय संस्था. थेरपिस्ट कोणीही असो, भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारायला लाजू नका. आणि सेशनमध्ये तुम्हाला बाहेर बसवत असतील तर ते बदला. आठवड्यातली चाळीस मिनिटं त्यांची, उरलेला आठवडा तुमचा. काय चाललंय ते तुम्हालाच दिसलं पाहिजे.

कानाचे रिपोर्ट आले की मला कळवा. सोबत ते सात शब्द जसे तो म्हणतो तसेच लिहून पाठवा, शुद्ध करून नको. आणि जेवतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ. त्यात त्याला बोलायला लावू नका, नुसता जेवू द्या.